लेन्स घेण्याआधी अंतर ठरवा

मित्रहो, नैसर्गिक प्रकाशात पोर्ट्रेट काढायला कोणती लेन्स घ्यावी, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: फोटो कुठे काढणार? चाळीतल्या खोलीत, गच्चीवर, की शेताच्या बांधावर? हे कळल्याशिवाय लेन्सचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

चेहऱ्याची ठेवण फोटोत कशी उतरेल, हे तुम्ही किती लांब उभे आहात यावर ठरतं. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत १२ सेंटिमीटर धरा. तुम्ही अगदी जवळ गेलात, तर नाक ५० सेंटिमीटरवर आणि कान ६२ वर. म्हणजे नाकाच्या मानाने कान जवळपास एक पंचमांश लहान दिसणार आणि नाक पुढे आल्यासारखं वाटणार. मोबाइलच्या सेल्फीत होतं ते हेच. मागे सरकून दोन मीटरवर गेलात की हा फरक सहा टक्क्यांवर येतो आणि माणूस समोर बसल्यावर दिसतो तसा दिसायला लागतो. ‘८५ची लेन्स चेहरा खुलवते’ असं म्हणतात (८५ मिलिमीटर हा लेन्सच्या फोकल लेंथचा आकडा; तो जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं), तेव्हा खरं काम त्या दोन मीटरनी केलेलं असतं. लेन्सने तेवढ्या लांबून चौकट भरून दिली, इतकंच.

आता हे आपल्या घरात लावून बघा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स दोन मीटरवरून छातीपर्यंतचं पोर्ट्रेट देते. पण आपल्यापैकी बहुतेकांकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरमुळे दृश्याचा कमी भाग टिपणारा, कॅमेरा असतो. त्यावर तीच ८५ लावली, तर तेवढ्याच चौकटीसाठी तीन मीटर लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकेल आणि समोरच्यालाही भिंतीला चिकटून बसावं लागेल. मग मागचं काही धूसर होण्याचा प्रश्नच नाही. म्हणून क्रॉप कॅमेऱ्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: ५० मिलिमीटर, एफ १.८. (एफचा आकडा लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं ते सांगतो; आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त.) बहुतेक कंपन्यांच्या यादीत ही सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि घरातल्या खिडकीजवळ तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. ८५ घ्या ती अंगणासाठी, गच्चीसाठी.

प्रकाशाची गरज पोर्ट्रेटला पहिल्यापासूनच आहे. फोटो काढण्याची पद्धत लोकांपुढे आणणाऱ्या फ्रान्सच्या दागेरच्या काळातल्या लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ १५च्या आसपास होतं. माणसाला कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे. १८४० मध्ये योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने व्हिएन्नात हिशेब मांडून सुमारे एफ ३.६ची लेन्स आखली. सोळा-सतरापट प्रकाश! ती मध्यभागी धारदार आणि कडांना ढिली होती, पण चेहरा मध्येच असतो, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मला ही लेन्स फार आवडते, कारण ती एका कामासाठी विचार करून बनवलेली होती.

आपल्या किट लेन्सचं, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्सचं, अ‍ॅपर्चर ५५ मिलिमीटरला एफ ५.६ असतं. एफ १.८ तिच्या नऊपटींहून जास्त प्रकाश घेते. पावसाळी दुपारी जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४००वर न्यावा लागतो, तिथे ६४०वर काम भागतं आणि त्वचेचा रंग जिवंत राहतो. मात्र एफ १.४साठी कितीतरी जादा पैसे मोजण्याआधी लक्षात घ्या, १.८च्या तुलनेत मिळणारा प्रकाश दीडपटीहून थोडाच जास्त.

आणि एफ १.८ मिळाली म्हणून सारखी उघडीच ठेवू नका. फुल फ्रेमवर ८५ने दोन मीटरवरून एफ १.८ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, जेमतेम ६ सेंटिमीटर असते. माणसाने मान थोडी वळवली की जवळचा डोळा स्पष्ट, पलीकडचा विरघळलेला. एफ २.८ केलं की ९ सेंटिमीटर मिळतात. चेहऱ्याला तेवढे बरे. शटर उघडं राहण्याचा वेळ, म्हणजे शटर स्पीड, शक्यतो १/२०० सेकंदापेक्षा लांबवू नका, कारण तुमचा हात स्थिर असला तरी समोरची आजी बोलत असते, हसत असते.

३५ मिलिमीटरबद्दल थोडक्यात. कुंभार त्याच्या चाकासह, आजी तिच्या मांडणीतल्या डब्यांसह हवी असेल तर ती घ्या, पण चेहऱ्याजवळ जाऊ नका.

जुनी लेन्स घ्यायलाही हरकत नाही. फक्त मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत राहिलेली असेल तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. किंमत कितीही पाडून दिली तरी सोडून द्या. खिडकी मागे ठेवून, उजेडासमोर कॅमेरा धरून फोटो काढाल, तेव्हा हेच धागे सगळा चेहरा धुरकट करतात. चांगली मिळाली तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि पावसाळ्यात जेल अधूनमधून बदला.