पिंग : उत्तराची वाट पाहणारा आवाज

मित्रहो, आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. पिंग. जळगावातल्या ऑफिसांत ‘निघालात की पिंग करा’ असं सर्रास म्हणतात, आणि रात्री मोबाइलवर गेम खेळणारी पोरं ‘पिंग वाढला रे!’ म्हणून ओरडतात. अर्थ निराळे आहेत, मूळ एकच.

इंग्रजीत हा शब्द आवाजाच्या नकलेतून आला. एकोणिसाव्या शतकात बंदुकीची गोळी कशावर आदळली की होणारा बारीक, टोकदार आवाज म्हणजे पिंग. पुढे तो टेबलावरच्या चेंडूला चिकटला. पण ‘पिंगपाँग’ हे व्यापारी नाव म्हणून नोंदलेलं होतं. 1926 साली आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला तो टेबल टेनिसच्या नावाने. पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटून टकटक होते, तीही इंग्रजीत पिंगच. आपले मेकॅनिक तिला नॉकिंग म्हणतात.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो यातला सोनारचा अर्थ. सोनार म्हणजे दागिने घडवणारा नव्हे, पाण्यात आवाज सोडून वस्तू शोधणारं यंत्र. पाणबुडीच्या शोधातलं जहाज पाण्यात ध्वनीचा एक ठोका सोडतं आणि कान लावून बसतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन 3,000 मीटर झाले. म्हणजे वस्तू 1,500 मीटरवर आहे. इथे हा शब्द नुसत्या आवाजाचा राहिला नाही, उत्तराची वाट पाहू लागला.

तुमच्यापैकी जुन्या लोकांनी भुसावळ स्टेशनात लांब दांड्याच्या हातोडीने डब्यांची चाकं ठोकत जाणारा रेल्वेचा माणूस पाहिला असेल. चाक खणखणलं की तो पुढे सरकायचा. आवाज बद्द आला की तिथेच वाकून तडा शोधायचा. ठोका त्याचा, पण माहिती चाकाची. पिंगचंही तसंच आहे.

डिसेंबर 1983 मध्ये माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरला नेटवर्कमधला बिघाड शोधायचा होता. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला : दुसऱ्या संगणकाकडे माहितीचं लहानसं पुडकं, म्हणजे पॅकेट, पाठवायचं, ते परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं. ‘पिंग’ हे नाव त्याने सोनारच्या आवाजावरून दिलं. पोरांचा ‘पिंग’ म्हणजे हाच वेळ. तो 40 वरून 300 वर गेला, की तुमची गोळी सुटली हे सर्व्हरला कळेपर्यंत समोरचा खेळाडू तिथून हललेला असतो! ऑफिसातला पिंग म्हणजे छोटा निरोप. त्यातही ‘आहात ना?’ हा प्रश्न आहेच.

चोपडा, शहादा इथून आलेल्या कॉलेजच्या मुलांना आग्रहाने सांगतो, संगणकावर ही ‘पिंग’ कमांड स्वतः चालवून बघा. कधी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, असं येईल. लगेच सर्व्हर बंद आहे असं समजू नका. पुष्कळ ठिकाणी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी प्रोग्राम, अशा पॅकेटला मुद्दाम उत्तर देऊ देत नाही. त्याच सर्व्हरवरचं वेबपान उघडतं का ते आधी बघा, मग बिघाडाची नोंद करा.