कोपरापाशी तुटलेली कंडरा: शस्त्रक्रिया आणि पुढचे महिने

श्रोतेहो, नमस्कार.

धान्याचे पोते किंवा भरलेला गॅस सिलिंडर उचलताना भार अचानक निसटू लागतो, वाकलेले कोपर सरळ होऊ पाहते आणि माणूस ते सावरायला सारा जोर लावतो. त्याच क्षणी कोपरापाशी काहीतरी तुटल्यासारखा आवाज होतो, कळ येते आणि एक-दोन दिवसांत कोपराचा खळगा काळानिळा पडतो. अशी दुखापत झालेला रुग्ण बहुतेक वेळा चाळिशी ते साठीतला पुरुष असतो. हात लचकला असावा, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दंडाच्या बेटकुळीचा स्नायू ज्या चिवट पट्ट्याने हाडाला बांधलेला असतो, ती कंडरा, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले टेंडन, हाडापासून सुटलेली असते.

ही दुखापत फसवी आहे, आणि आज मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचे आहे. काही दिवसांत वेदना ओसरते. कोपर वाकवण्याचे मुख्य काम बेटकुळीच्या खालचा दुसराच स्नायू करत असल्यामुळे पेला तोंडापर्यंत नेता येतो आणि घरचे लोकही निर्धास्त होतात. जाते ती मुख्यतः तळवा वर फिरवण्याची ताकद, म्हणजे उजव्या हाताने स्क्रू आवळताना लागणारी. शस्त्रक्रिया न केल्यास ही ताकद साधारण 40 टक्क्यांनी आणि कोपर वाकवण्याची ताकद सुमारे 30 टक्क्यांनी कमी राहते. साध्या एक्स-रेमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. जाणकार डॉक्टर मात्र कोपर काटकोनात ठेवून रुग्णाला तळवा वर फिरवायला सांगतात आणि बाहेरच्या बाजूने कंडरेखाली आपले बोट अडकवून पाहतात. ती तुटली असेल, तर बोटाला अडकायला काही सापडत नाही. शंका उरली, तर एमआरआय करतात. तेल चोळून घेण्यात किंवा शेक देण्यात गेलेले दिवस इथे महाग पडतात, कारण सुटलेले टोक दंडात वर सरकते, आखडते आणि आसपासच्या भागाला चिकटते. शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली, तर ते टोक सहज खाली आणता येते. उशीर झाल्यास कधी कधी दुसरीकडची कंडरा घेऊन जोड द्यावा लागतो.

याच स्नायूची खांद्याकडची कंडरा तुटली, तर गोष्ट वेगळी. तिथे त्याला दोन मुळे असतात, त्यामुळे एक तुटले तरी वयस्कर माणसाचे सहसा शस्त्रक्रियेवाचून भागते. कोपरापाशीही ज्यांना जोराचे काम नाही, अशा वृद्धांना शस्त्रक्रियेशिवाय राहता येते, आणि तो निर्णय कमीपणाचा मुळीच नाही.

शस्त्रक्रियेत कंडरेचे टोक साफ करून, भक्कम टाके घालून अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, म्हणजे रेडियसला, तिच्या मूळ जागी बसवतात. बॉइड आणि अँडरसन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 1961 मध्ये दोन छेदांची पद्धत मांडली. आता अनेक ठिकाणी कोपराच्या पुढच्या एकाच छेदातून हाडाला भोक पाडून धातूच्या छोट्या बटणाने किंवा अँकरने, म्हणजे हाडात रुतवून टाके धरून ठेवणाऱ्या छोट्या खिळीने, कंडरा पक्की करतात. हाताच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येणे हा सर्वांत नेहमीचा त्रास असून तो बहुधा काही महिन्यांत जातो. क्वचित दोन हाडांच्या मध्ये नको तिथे हाड वाढते आणि हात फिरवणे अडते. मनगट किंवा बोटे वर उचलता येईनाशी झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

पुढचा काळ संयमाचा आहे. टाके आणि बटण कंडरेला जागेवर धरून ठेवतात. हाडाशी तिचे खरे सांधणे शरीरच करते, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. सुरुवातीचे काही दिवस, फार तर दोन आठवडे, कोपर काटकोनात आधार देऊन ठेवतात. पुढे बिजागरीच्या पट्ट्यात ते थोडे थोडे सरळ करत नेतात. या काळात दुसऱ्या हाताच्या मदतीने कोपर वाकवावे, बोटे आणि खांदा हलते ठेवावेत. पण त्या हाताने भरलेली बादलीसुद्धा उचलू नये. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हालचाल बहुतेक परत येते, दुखणे थांबलेले असते, आणि नेमका तेव्हाच माणूस धीर सोडतो. हलक्या वजनाचे व्यायाम साधारण दोन महिन्यांनंतर सुरू होतात, आणि पूर्ण जोराचे काम चार ते सहा महिन्यांनी. प्रत्येकाचे वेळापत्रक त्याच्या शल्यचिकित्सकाने व फिजिओथेरपिस्टने ठरवलेलेच खरे. सिगारेट-विडीमुळे ही कंडरा तुटण्याचा धोका वाढतो आणि जखम भरणेही मंदावते. म्हणून निदान या काळात तरी ती पूर्ण बंद ठेवावी.

ज्याचे पोट ओझी उचलण्यावर आहे, त्याला चार महिने थांबा म्हणणे सोपे नाही, हे मी जाणतो. घाईने कामावर जाणाऱ्याला मी दोष देणार नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारून, कोणत्या आठवड्यात किती वजन चालेल, हे लिहून घ्यावे आणि मालकाकडे हलके काम मागावे. जे कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, त्यांना कामावर झालेल्या दुखापतीसाठी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के इतका लाभ मिळतो. त्यासाठी दुखापत काम करताना झाली, ही नोंद पहिल्याच दिवशी मालकाकडे आणि दवाखान्याच्या कागदावर करून घ्यावी.