सुई डायलिसिसनंतर: किडनीच्या रुग्णातला मल्टिपल मायलोमा

पुण्यात पाठ दुखायला लागली की खापर आधी खड्ड्यांवर फुटतं, मग दुचाकीवर. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही पेनकिलर आणून माणूस दिवस ढकलतो. क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का हे सांगणारा रक्तातला आकडा) वाढून तो किडनीच्या डॉक्टरांपुढे बसतो, तेव्हा कुठे संशय बोनमॅरोवर जातो.

मायलोमा हा बोनमॅरोचा कॅन्सर. त्यात प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि लाइट चेन नावाचं प्रोटीन रक्तात सोडतात. किडनीच्या बारीक नळ्यांत ते युरोमोड्युलिन या किडनीतल्याच प्रोटीनला चिकटतं आणि नळीत बूच बसतं. अंगातलं पाणी कमी झालं, वर पेनकिलर घेतली, की काम आणखी बिघडतं.

लघवीची पट्टी इथे फसवते. ती मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रोटीन ओळखते, लाइट चेन नाही. पट्टीवर ‘ट्रेस’ आणि चोवीस तासांच्या लघवीत मात्र भरपूर प्रोटीन, असं दिसलं की रक्तातली फ्री (सुटी) लाइट चेन तपासायलाच हवी. कप्पा आणि लॅम्डा या तिच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर एरवी 0.26 ते 1.65 असतं, किडनी कमजोर असेल तर 3.1 पर्यंत चालतं.

उपचाराला किडनी सुधारण्याची वाट पाहायची नसते. बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या औषधाचा डोस, दर चौरस मीटरला 1.3 मिलिग्रॅम, किडनीसाठी कमी करावा लागत नाही. पोटाच्या कातडीखाली सुई, पण डायलिसिस संपल्यावर. आधी दिली तर औषध मशीनमध्ये जाऊ शकतं. डायलिसिस संध्याकाळच्या शिफ्टला आणि डे-केअर पाचला बंद, असा घोळ असेल तर त्या दिवशी सकाळची शिफ्ट मागून घ्यावी.

लेनालिडोमाइड या मायलोमावरच्या दुसऱ्या औषधाचं गणित वेगळं. एरवीचे 25 मिलिग्रॅम डायलिसिसवर 5 होतात. पूर्ण डोस चालू राहिला तर प्लेटलेट कोसळतात. नागीण होऊ नये म्हणून दिलेलं असायक्लोव्हिरही कमी करावं लागतं, नाहीतर रुग्ण बरळू लागतो आणि घरच्यांना वाटतं, आजार मेंदूत गेला.

हाडांसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिड क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) मिनिटाला 30 मिलिलिटरच्या खाली असेल तर टाळतात. त्याऐवजी डेनोसुमॅब चालतं, पण कॅल्शियम एकदम उतरू शकतं. ते आणि ड जीवनसत्त्व आधी तपासावं.

‘भरपूर पाणी प्या’ हे ज्याला लघवी होते त्याच्यासाठी. लघवी बंद असलेल्याच्या फुप्फुसात तेच पाणी साठतं.

तीन आठवड्यांनी लाइट चेन निम्म्याहून खाली आली, तर किडनी सावरण्याची शक्यता वाढते. काहींचं डायलिसिस सुटतंही, कधी काही महिन्यांनी. तपासणी मात्र दर वेळी त्याच लॅबमध्ये करावी. किट बदललं की आकडा बदलतो.