ती आवक आहे हो, जावक नाही!

नमस्कार मंडळी. आवाज येतोय ना? मागच्या व्हिडिओला तक्रार होती की ताईंपेक्षा पंखाच जास्त बोलतोय, म्हणून आज पंखा बंद ठेवलाय, मे महिना आहे, घाम दिसला तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याच्या १८०५ सालच्या मराठी व्याकरणावर मी व्हिडिओ केला होता, आणि त्यात सहज बोलून गेले की केरी बसला होता श्रीरामपूरला, पण त्याची पत्रं शोधायची तर ऑक्सफर्ड गाठावं लागतं. झालं! निम्म्या कमेंट "हे कसं काय ताई", आणि उरलेल्या "मी श्रीरामपूरचाच आहे, आमच्या इथे कुठे राहायचा हा केरी?" अहो ते अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे! हुगळीच्या काठचं, कलकत्त्याजवळचं, इंग्रजीत सेरामपूर म्हणतात ते. साखर कारखान्याचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आणि त्यातच एका मुलाचा मेसेज आला. धर्मशास्त्राचा विद्यार्थी आहे, प्रबंधाचा विषय जेम्स पेटिग्रू बॉइस. त्याचा प्रश्न असा की ताई, बॉइसची खाजगी पत्रं वाचायची आहेत तर जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संग्रहातून बॉइसच्या नावाची पेटी मागवू ना? मी म्हटलं थांब. यावर व्हिडिओच करते, कारण हा प्रश्न मला महिन्यातून चारदा येतो, फक्त नाव बदलतं. कधी कुणाचा पणजोबा असतो, कधी कुणी क्रांतिकारक, कधी नाटककार.

बॉइस कोण ते पटकन सांगते, बाकीचं तुम्ही शोधालच. बॅप्टिस्ट, म्हणजे ख्रिश्चनांतल्या एका प्रोटेस्टंट पंथाचा, धर्मोपदेशक आणि मास्तर. जन्म ११ जानेवारी १८२७, चार्ल्स्टन, साउथ कॅरोलायना, अमेरिका. वडील गडगंज, व्यापार आणि बँक. शिक्षण ब्राउन युनिव्हर्सिटीत, मग प्रिन्स्टनला धर्मशास्त्र. १८५६ला एक भाषण दिलं की कॉलेजची पदवी नसली तरी धर्मोपदेशकाला शिकायला मिळालं पाहिजे, हुशारांना पुढचं खोल शिक्षण मिळालं पाहिजे, आणि मास्तरांनी आपण काय मानतो याच्या लेखी जाहीरनाम्यावर सही केली पाहिजे. १८५९ला साउथ कॅरोलायनातल्याच ग्रीनव्हिल गावात सदर्न बॅप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरी उघडली, म्हणजे धर्मोपदेशक तयार करणारी शाळा, चार मास्तर, २६ विद्यार्थी. यादवी युद्धात बंद पडली, १८६५ला सात पोरांवर पुन्हा सुरू, १८७७ला केंटकी राज्यात लुईव्हिलला हलवली, १८८७ला त्याचं धर्मशास्त्रावरचं मोठं पुस्तक, आणि २८ डिसेंबर १८८८ला फ्रान्समध्ये पो नावाच्या गावी वारला. झाला बॉइस. आता मुद्द्यावर.

मुद्दा एकच आहे आणि तो मी आज तीनदा सांगणार आहे, कंटाळलात तर पुढे ढकला, पण मग मला मेसेज करू नका.

कुणाच्याही नावाचे "पर्सनल पेपर्स" म्हणजे त्या माणसाने लिहिलेली पत्रं नव्हेत. ती त्याला आलेली पत्रं असतात. ज्यांनी सरकारी हापिसात काम केलंय त्यांना लगेच कळेल, आवक-जावक रजिस्टर असतं ना, तर माणसाच्या घरात राहते ती आवक. जावक निघून गेलेली असते! पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं, पोस्टात टाकलं. मग ते तुमच्या घरात कसं राहील? ज्याला मिळालं त्याच्या घरात राहील, त्याने ठेवलं तर. इतकं साधं आहे, आणि तरी शिकलेली माणसं येऊन मला सांगतात की अमक्याच्या संग्रहात त्याची पत्रंच नाहीत, कुणीतरी गायब केली असणार. कुणी गायब केली नाहीत हो, त्याने पोस्टात टाकली!

मग बॉइसची पत्रं कुठे शोधायची? ब्रॉडसच्या पेटीत. जॉन ए. ब्रॉडस, त्याचा जिवलग सहकारी, सुरुवातीच्या चार मास्तरांतला एक. गंमत बघा, हा पण जानेवारी १८२७चाच, बॉइसपेक्षा तेरा दिवसांनी लहान. एकाची आद्याक्षरं जे. पी. बी., दुसऱ्याची जे. ए. बी., त्यामुळे स्कॅनवर नुसती आद्याक्षरं दिसली की मी आधी चहा ठेवते आणि मगच वाचायला घेते. हा तोच ब्रॉडस ज्याच्या प्रवचनशास्त्राच्या वर्गात युद्धानंतर एकच विद्यार्थी उरला होता, आणि तोही अंध. बघून वाचता येणारा नाही म्हटल्यावर ब्रॉडसने व्याख्यानं नीट बांधून तयार केली, आणि त्यातून १८७०ला प्रवचन कसं तयार करावं यावरचं त्याचं पुस्तक निघालं, जे पुढे पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. मला हा किस्सा फार आवडतो. माझ्या पहिल्या लाइव्हला तीन माणसं होती, त्यातला एक माझा नवरा, दुसऱ्या फोनवरून. असो.

तर बॉइस १८७२ला लुईव्हिलला गेला, सेमिनरी तिथे न्यायची तर पैसा उभा करायला, आणि ब्रॉडस मागे ग्रीनव्हिलला वर्ग सांभाळत राहिला. पाच वर्षं एक इकडे, एक तिकडे. म्हणजे काय? म्हणजे पत्रं! निधी, मास्तरांचे थकलेले पगार, सगळं कागदावर आलं कारण समोर बसून बोलायची सोय नव्हती. १८७७ला सगळे एका गावात आल्यावर कोण कुणाला रोज पत्र लिहिणार? म्हणून कुठलाही संग्रह उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि लिहून काढा की कोण कुठल्या वर्षी कुठल्या गावी होतं. माणसं लांब होती तिथे पत्रं दाट, जवळ होती तिथे विरळ. विरळ दिसलं की भांडण झालं असं लगेच लिहू नका, शेजारी राहत असतील बिचारे.

हे झालं एकदा. आता दुसऱ्यांदा, घरचं उदाहरण.

माझ्या आजोबांकडे पत्रांची तार होती. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, खाली लाकडाची चकती, त्यात जाड तार उभी, वर हुकासारखी वाकवलेली, आलेलं कार्ड वाचलं की टोचायचं. ती भरली की सुतळीने बांधून ट्रंकेत. आजोबा गेल्यावर ती ट्रंक माझ्या वाट्याला आली, मी आनंदाने उघडली, आता आजोबा कळणार म्हणून. चारशेच्या वर कार्डं. आजोबांचं? एकही नाही. मामंजी, साडू, सोसायटीचे सेक्रेटरी, बियाणंवाला, सगळे बोलतायत आणि आजोबा गप्प! फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू यावी तसं. पण प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात "उ. दि." आणि तारीख. म्हणजे उत्तर दिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही जावक आहे, आणि ती त्या त्या माणसाच्या घरी असणार. इंदूरच्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, अगं दादांची कार्डं आहेत की, साड्यांच्या खाली. नऊ मिळाली. त्या नऊ कार्डांत आजोबा जेवढे भेटले तेवढे त्या चारशेत नाही भेटले.

अमेरिकेत पण हीच पद्धत, आलेल्या पत्राच्या पाठीवर पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून ठेवायचे लोक. म्हणून स्कॅन मागवताना पाठकोऱ्या बाजूसकट मागवा! पाठ कोरी आहे असं यादी करणाऱ्याला वाटलं म्हणून ती खरंच कोरी असते असं नाही.

आता कुणीतरी लिहिणारच की ताई, काही लोक आपल्या पत्राची नक्कल ठेवायचे. हो, ठेवायचे, धंद्यातले आणि संस्था चालवणारे ठेवायचे. वेगळी शाई, वर ओलसर पातळ कागद, आणि लोखंडी स्क्रूच्या प्रेसमध्ये दाबायचं, की शाई त्या कागदावर उलटी उमटायची आणि पातळ असल्यामुळे दुसऱ्या बाजूने सुलटी वाचता यायची. अशी वही मिळाली तर सोनं. पण मिळेल असं धरून प्रबंधाचा आराखडा करू नका.

बाकीच्या पायऱ्या भराभर. संग्रहाची यादी असते, फाइंडिंग एड म्हणतात, आपल्या पेशवे दप्तरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, असतात तसे तिथे बॉक्स आणि त्यात फोल्डर, नंबर लिहून घ्या, नम्र ईमेल करा, थांबा. "बॉइसचं सगळं पाठवा" असं लिहू नका. मी एका ठिकाणी लिहिलं होतं एकदा, उत्तर आलं की आपल्याला कुठल्या बॉक्समधलं हवंय? लाज वाटली.

वाचताना दोन अडचणी हमखास येतात. एक, महिना. पत्रात "तुमचं १२ इन्स्टचं पत्र मिळालं" असं येतं, इन्स्ट म्हणजे चालू महिना, आणि अल्ट असेल तर मागचा महिना. हे उलट घेतलंत तर सगळा क्रम बिघडतो. दुसरी अडचण "ब्रदर". हे बॅप्टिस्ट लोक एकमेकांना ब्रदर म्हणतात, लिहिताना ब्रो. इतकंच, आणि मी पहिला आठवडाभर वहीत बॉइस घराण्याची वंशावळ काढत बसले होते. सतरा भाऊ झाल्यावर शंका आली.

आता तिसऱ्यांदा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बॉइसबद्दलचा सगळ्यात गाजलेला प्रसंग त्याच्या कुठल्याच कागदावरून आपल्याला कळलेला नाही.

क्रॉफर्ड टॉय नावाचा प्राध्यापक होता, अत्यंत विद्वान, बायबलच्या जुन्या भागाबद्दलची त्याची मतं बदलत गेली, आणि १८७९ला त्याला सेमिनरी सोडावी लागली. पुढे तो हार्वर्डला गेला. लुईव्हिल सोडताना स्टेशनवर बॉइस आणि ब्रॉडस दोघं पोचवायला. तिथे बॉइसने डावा हात टॉयच्या गळ्यात टाकला, उजवा वर धरला, आणि म्हणाला की तू पाच वर्षांपूर्वी जिथे होतास तिथे परत येऊन राहणार असशील तर हा हात मी खुशीने तोडून देईन. ज्याच्या राजीनाम्याच्या वेळी आपणच संस्थेचे प्रमुख होतो त्याच्या गळ्यात पडून! आता हे आपल्याला कसं कळलं? ब्रॉडस शेजारी उभा होता म्हणून. बॉइस गेल्यावर १८९३ला त्याने मित्राचं चरित्र लिहिलं, त्यात आहे. चौदा वर्षांनी, मित्राच्या हातून, मित्र गेल्यावर. मी खोटं आहे असं म्हणत नाहीये, मला तर खरंच वाटतं, पण तळटीप देताना "बॉइस म्हणाला" आणि "बॉइस म्हणाला असं ब्रॉडसने लिहिलं" यातला फरक ठेवा. आणि ब्रॉडसची पत्रं कुणी छापली? त्याच्या जावयाने, ए. टी. रॉबर्टसनने, १९०१ला. जावई सासऱ्याचं कुठलं पत्र छापेल आणि कुठलं मागे ठेवेल याचा विचार ज्याचा त्याने करावा, लग्नं सगळ्यांची झालेली आहेत.

केरीचंही तेच. तो इकडे, पत्रं मिळालेली माणसं इंग्लंडात, त्यांनी जपली, म्हणून ती आज ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजच्या अँगस लायब्ररीत आहेत. कळलं ना आता, श्रीरामपूरकर?

एक कमेंट मला वाचूनच दाखवायची आहे. "थोर माणसांबद्दल बोलताना गुलामगिरी मध्ये आणू नका." दादा, मी आणत नाही, ती आहेच तिथे. सेमिनरीच्या त्या चार संस्थापक मास्तरांकडे मिळून पन्नासहून जास्त गुलाम माणसं होती, हे त्याच सेमिनरीने २०१८ साली स्वतःच्या अहवालात छापलंय. आणि १८८०ला सेमिनरी बुडता बुडता वाचली ती जोसेफ ब्राउन नावाच्या जॉर्जियाच्या माजी गव्हर्नरने दिलेल्या ५०,००० डॉलरवर, ज्याच्या कोळशाच्या खाणीत भाड्याने घेतलेले कैदी राबत होते. हे वाचून बॉइसचा तो हात वर धरलेला प्रसंग माझ्या मनातून पुसला जात नाही, आणि तो प्रसंग आठवून हेही पुसलं जात नाही. दोन्ही घेऊन बसावं लागतं. आणि आता आवक-जावक लावून बघा. त्या पन्नास माणसांची आवक कुठेय? जावक कुठेय? १८६०च्या जनगणनेच्या गुलामांच्या यादीत मालकाचं नाव आहे, खाली वय, स्त्री की पुरुष, रंग. त्यांचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. त्यांच्यासाठी मृत्युपत्रं, खरेदीखतं, चर्चच्या सभासदांच्या वह्या अशा दुसऱ्यांच्याच कागदांत शिरावं लागतं, आणि त्यावर बोलायला मला अजून अभ्यास करायचाय.

प्रबंधवाल्या मुला, तू ऐकत असशील तर ब्रॉडसच्या संग्रहाची यादी आधी काढ, १८७२ ते १८७७ची फोल्डरं बघ, आणि पाठकोरी बाजू विसरू नकोस. मला आता पंखा लावू द्या, आणि आत्याचा फोन येतोय, साड्यांच्या दुसऱ्या कपाटात अजून एक पिशवी निघाली म्हणते.