आज रात्री वाडीत कोण आहे?

(दरडीच्या छायेतल्या गावांतले पोलीस पाटील, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य आणि गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर महाड तालुक्यात पावसाळ्याआधी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आत येताना एका आजींनी मला दारातच अडवलं. म्हणाल्या, "डॉक्टर, पावसाच्या तोंडावर मेल्यामढ्याचं कशाला काढता?" आजी, राग मानू नका. सरकारी दवाखान्यात माझी हयात गेली. डोंगर खाली आल्यावर वाडीचं काय होतं ते मी पाहिलंय. माणूस जातो ते दुःख असतंच. पण त्याचं प्रेत कुठलं हे कळलं नाही, तर ते दुःख घरातून उठतच नाही.

25 जुलै 2005 ला आपल्याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला तळीयेची कोंढाळकरवाडी गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरला इर्शाळवाडी गेली. तिथे 27 जणांचे मृतदेह हाती लागले आणि 57 माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत. तळीयेला दरड दुपारी कोसळली, पण महाड पाण्यात, रस्ते बंद. बाहेरची मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. इर्शाळवाडीला गाडीरस्ताच नव्हता, जेसीबी वर नेता आला नाही. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती दलाच्या जवानांबद्दल मला आदर आहे, पण ते येईपर्यंत घमेलं, फावडं आणि हात गावाचेच असतात. पहिली प्रेतं गावच बाहेर काढतं, आणि त्या पहिल्या काही तासांत जे होतं किंवा राहून जातं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी एक भीती काढून टाकू. "लवकर उरका, नाहीतर रोगराई पसरेल" असं कोणीतरी म्हणतंच. दरडीत, पुरात माणसं मार लागून, गुदमरून किंवा बुडून जातात. ती निरोगी माणसं होती. त्यांच्या प्रेतांमुळे गावात साथ येत नाही. प्रेत विहिरीत किंवा पऱ्यात, म्हणजे ओढ्यात असेल तर बाहेर काढा, पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका. उचलणाऱ्यांनी हातमोजे, बूट घालावेत आणि हात साबणाने धुवावेत. एवढं पुरे. रोगाच्या भीतीपोटी घाईने एकत्र पेटवून देणं किंवा जेसीबीने खड्डा खणून लोटणं, हे मात्र कधीही होऊ देऊ नका.

आता माझी एक चूक सांगतो. गावाचं नाव घेत नाही. दरडीनंतर संध्याकाळी शाळेच्या पडवीत सहा प्रेतं ठेवली होती. वीज नव्हती, कंदील होता. चेहऱ्यांवर लाल चिखल वाळलेला. मुंबईहून कसेबसे पोचलेले दोन भाऊ आले, एका प्रेतापाशी बसले आणि रडायला लागले. "हेच आमचे बाबा." पंचनामा झाला, मी सही केली, प्रेत नेलं, अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून सातवं प्रेत निघालं. शर्टाच्या कॉलरला आत टेलरचं लेबल होतं, आणि बटणपट्टीवरचं खालून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. त्या भावांची आई ते बटण बघून मटकन खाली बसली. ते तिने शिवलं होतं. मग आदल्या दिवशी अग्नी दिला तो कोण? त्या माणसाची बायको चार दिवस पडवीच्या पायरीवर बसून होती. तिला द्यायला आमच्याकडे काहीही उरलं नव्हतं.

त्या मुलांची चूक नव्हती. सुजलेला, चिखलाने माखलेला चेहरा, त्यात जागरण आणि आक्रोश, नजर फसते. आपल्या दमट हवेत एक-दोन दिवसांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. म्हणून फोटो त्याच दिवशी हवेत: अख्ख्या अंगाचा एक, चेहरा हलक्या हाताने पुसून एक, मग कपडे, गोंदण, जुना व्रण, दात. प्रत्येक फोटोत नंबर दिसला पाहिजे. नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि मनगटाला किंवा घोट्याला बांधायचा. प्रेत कुठे सापडलं, किती वाजता, कोणी काढलं, हे वहीत त्याच नंबरापुढे. हात किंवा पाय सुटा सापडला तर त्यालाही वेगळा नंबर. "हा याचाच असेल" असं आपण ठरवायचं नाही. अंगावरचं मंगळसूत्र, बांगडी, करदोटा काढायचा नाही. काढायची वेळ आली तर पोलिसांसमोर, त्याच नंबराच्या पिशवीत. हे काम नेटक्या अक्षराची आशाताई किंवा शाळेतले गुरुजी उत्तम करतील.

आणि ते फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाता कामा नयेत. नालासोपाऱ्यात लोकलमध्ये उभ्या असलेल्या लेकीला बापाचं प्रेत मोबाइलवर दिसावं, हे आपण कोणावर आणू नये. घरच्यांना एकेका कुटुंबाने बोलवा, बसवा, आधी वस्तू आणि फोटो दाखवा. रांगेत मांडलेल्या प्रेतांवरून कोणाला फिरवू नका.

गावकीच्या मानकऱ्यांपुढे मला एक अवघड गोष्ट ठेवायची आहे. ओळख न पटलेल्या प्रेताला अग्नी देऊ नका. आपल्यात दहन करतात, तसंच पडून राहू देणं जिवावर येतं, हे मला समजतं. पण दहन झालं की परत काही तपासता येत नाही. शीतगृह गावात नसतं. म्हणून तात्पुरतं पुरायचं. विहिरीपासून लांब, साधारण दीड मीटर खोल, एकाच थरात, प्रत्येकामध्ये अंतर सोडून, वर नंबराची खूण. पोलीस आणि तहसीलदारांच्या परवानगीनेच. ओळख पटल्यावर प्रेत काढून रीतीप्रमाणे क्रियाकर्म करता येतं. जागा कुठली, हे आजच ठरवा. स्मशान वाडीवाडीचं वेगळं, दफनभूमी मुस्लिम मोहल्ल्याची वेगळी, आणि पुरात व्हाळ ओलांडता येत नाही. ऐन वेळी त्यावरून वाद घालायला कोणाला बळ नसतं.

किनाऱ्याकडच्या मंडळींना वाटेल, दरड आमचा विषय नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गेल्या. प्रेतं पुलापासून कितीतरी लांब, खाडीत आणि समुद्राकाठी सापडली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांचा पी-305 हा तराफा (बार्ज) बुडाला. त्यानंतर रायगडच्या किनाऱ्याला प्रेतं लागली आणि ओळखीसाठी डीएनए तपासावा लागला. ती माणसं आपल्या गावची नव्हती. त्यांच्या घरच्यांना आपली पुळण, हा वाळूचा किनारा, कुठे आहे हेही माहीत नसेल. पहाटे जाळी ओढायला गेलेल्या कोळ्याला ती सापडतात, आणि तो जी नोंद करेल त्यावर दूरच्या कुठल्या तरी राज्यातलं एक घर अवलंबून असतं.

आता मी ज्यासाठी आलो ते. ढिगाऱ्याखाली किती माणसं आहेत, हा पहिला प्रश्न असतो आणि कोकणात त्याचं उत्तर सर्वांत अवघड. मतदार यादीत नाव आहे, पण माणूस विरारला. रेशन कार्डावर नाही, पण सुट्टीला आलेली नातवंडं घरात. सून बाळंतपणाला माहेरी. पुतण्या लावणीसाठी काल रात्री उतरला. जो सापडत नाही तो तिथे होताच, हे कोण सांगणार? एरवी बेपत्ता माणसाला मृत धरायला कायद्यात सात वर्षं जातात. अशा आपत्तीत सरकार वेगळी प्रक्रिया करून लवकर निर्णय घेतं, तळीये आणि इर्शाळवाडीत तसा घेतला. पण त्यासाठीही कोण होतं याची खात्री लागते. मदत, वारसनोंद, दहावं-बारावं, सगळं तिथे अडतं.

म्हणून घरटी एक पान. नाव, वय, अंगावरची खूण, मोडलेलं हाड, बसवलेला दात, मुंबईतल्या नातेवाइकाचा नंबर. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आशाताई फिरतातच. घरात आज कोण आलंय, कोण गेलंय, एवढं पेन्सिलीने बदलायचं. एक प्रत वाडीत, दुसरी मुंबई मंडळाकडे, कारण वाडीबरोबर वहीही जाऊ शकते.

आणि ज्या पोरांनी प्रेतं काढली, त्यांच्याकडे महिनाभर लक्ष ठेवा. जेवत नाहीत, झोपत नाहीत, एकदम दारूकडे वळतात. त्यांना एकटं सोडू नका, दवाखान्यात आणा.

वह्या मागच्या टेबलावर ठेवल्यात, वाडीप्रमाणे. दारातल्या आजी अजून बसल्यात. आजी, तुमच्या घराचं पान आत्ताच भरू. तुमच्याकडे आज रात्री कोण कोण आहे?