दूधच दूध तापवतं

(दृश्य : पाश्चरायझरचा, म्हणजे दूध तापवून जंतू मारणाऱ्या यंत्राचा, प्लेट पॅक)

बॅलन्स टँकमधून, म्हणजे यंत्राआधीच्या छोट्या टाकीतून, 4 अंशांचं कच्चं दूध प्लेटांमध्ये शिरतं. पलीकडून 72 अंशांना तापलेलं दूध परत येत असतं. मध्ये फक्त स्टीलचा पातळ पत्रा. परतीच्या दुधाची उष्णता घेत कच्चं दूध 66 अंशांवर पोचतं, गरम पाण्याला वरचे 6 अंशच चढवावे लागतात. हे रीजनरेशन. ताशी 10,000 लिटरच्या प्लांटला एरवी सुमारे 760 किलोवॅट उष्णता लागली असती. इथे 70 पुरतात. शेवटी दूध गार करणाऱ्या चिल्ड वॉटरचा भारही तेवढाच उतरतो. म्हणून मोठ्या बॉयलरआधी जास्त प्लेटांवर पैसे घालावेत.

प्लेटला बारीक भोक पडू शकतं. त्यासाठी पाश्चराइज्ड बाजूचा दाब कायम जास्त ठेवतात. गळालंच, तर तापवलेलं दूध कच्च्यात जाईल. कच्चं इकडे येणार नाही.

(दृश्य : होल्डिंग ट्यूब)

72 अंशांवर दूध या नळीत 15 सेकंद राहायलाच हवं. या प्रवाहात 15 सेकंदांचं दूध होतं जवळपास 42 लिटर. आतला व्यास 48 मिलिमीटर असेल, तर नळी 23 मीटरांहून थोडी लांबच लागते. ती पुढच्या टोकाकडे चढती बसवतात. नाहीतर हवा अडकते, जागा खाते आणि दूध वेळेआधी बाहेर पडतं.

समजा, पंपाचा वेग वाढून प्रवाह 12,000 लिटर झाला. पडद्यावर 72 अंशच दिसतील, दूध मात्र साडेबारा सेकंदांत बाहेर! म्हणून दूध मागे वळवणाऱ्या डायव्हर्जन व्हॉल्व्हला नुसता तापमानाचा सेन्सर पुरत नाही, फ्लो मीटरही जोडावा लागतो. तापमान उतरलं किंवा प्रवाह वाढला, की व्हॉल्व्ह दूध बॅलन्स टँककडे वळवतो. वीज किंवा हवेचा दाब गेला, तरी स्प्रिंग त्याला त्याच बाजूला ढकलते.

(दृश्य : ट्रेंडचा आलेख)

गरम पाणी आणि दूध यांच्या तापमानातलं अंतर सुरुवातीला 2-3 अंश असतं. ते 5-6 वर गेलं, की प्लेटांवर प्रथिनं आणि क्षारांचा थर बसलाय असं समजावं. पाणी आणखी तापवलं तर थर अधिक वेगानं चढतो. अशा वेळी लाइन थांबवून सीआयपी, म्हणजे यंत्र न उघडता आतून धुणं, लावणंच बरं : पाणी, दीड टक्का कॉस्टिक सोडा, पाणी, मग नायट्रिक ॲसिड. थरातली प्रथिनं कॉस्टिकनं सुटतात, क्षार ॲसिडनं. टप्पे टायमरवर न बदलता द्रवाची वीजवाहकता मोजणाऱ्या कंडक्टिव्हिटी सेन्सरवर बदलले, तर वापरायोग्य कॉस्टिक गटारात न जाता टाकीत परततं.