पाठ पाहू नका, पोट पाहा

वर्धा रोडला लेआउट संपतात, तिथून पुढे नुसता मुरूम, वाळकं कुसळी गवत आणि प्लॉटच्या हद्दीचे दगड. सकाळचे साडेसहा. बकऱ्या घेऊन निघालेले एक काका विचारतात, "काय पाहून राहिले भाऊ, इथं तं काहीच नाही."

थोडा वेळ उकिडवं बसायचं, म्हणजे समोरचं एखादं ढेकूळ चालू लागतं.

हा डोंबारी. चंडोलाच्या कुळातला, चिमणीहून जरा लहान, पाय इतके आखूड की जमिनीवरून घरंगळतोय असंच वाटतं. पाठ मातकट राखाडी. दबून बसला की मुरमात मुरून जातो. म्हणून नजर खाली न्या. हनुवटीपासून सगळं पोट काळं कुळकुळीत. डोळ्यातून गेलेली काळी पट्टी, तिच्याखाली पांढरा गाल, माथा राखाडी. चोच आखूड आणि जाड, बिया फोडायला बनलेली.

हे झालं नराचं. मादीत यातलं काळं काहीच नाही. मी कितीदा तिला चिमणी समजून पुढे गेलोय! आता तसं करत नाही. काळ्या पोटाचा नर जवळ उतरेपर्यंत थांबतो.

डोक्यावर तुरा असेल, तर हा डोंबारी नव्हे. शेपूट तांबूस आणि टोकाला काळा पट्टा असेल, तर तो तांबड्या शेपटीचा चंडोल.

आणि तरीही शंका उरली, तर आभाळाकडे बघा. नर पंख फडफडवत जवळजवळ ३० मीटर वर जातो, पंख मिटतो आणि दगडासारखा सुटतो. सोबत लांब, बारीक शीळ. आता आपटणार, तोच पंख उघडून त्याच वेगात पुन्हा वर! पुन्हा खाली, पुन्हा वर. दोरावरच्या डोंबाऱ्याचं नाव याला अगदी शोभतं.

घरटं म्हणजे जमिनीत खुराच्या ठशाएवढा खळगा. आत गवताच्या काड्या, काठावर बारीक खडे, मध्ये दोन अंडी. जवळ जायचं नाही. हे दृश्य आम्ही लांबून, लेन्स ओढून घेतलंय. मादी उठते. नर तुरुतुरु येतो, अंग फुलवतो आणि अंड्यांवर बसतो.

काळं पोट झाकलं गेलं. आता तिथे फक्त मुरूम दिसतोय.